पोलरमध्ये दुहेरी संकलन: क्षेत्रफळ आणि घनफळ काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला किंवा बीएस्सीला डबल इंटिग्रल शिकताना पोलरचा भाग आला की जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. सूत्रं फळ्यासमोर मोठ्यानं वाचतो तशीच लिहिली आहेत: ध्रुवापासूनचं (मूळबिंदूपासूनचं) अंतर आर, प्रारंभिक रेषेशी (धन एक्स-अक्षाशी) होणारा कोन θ, आणि एक्स = आर कॉस θ, वाय = आर साइन θ. शेजारी कोरा कागद ठेवा आणि प्रत्येक आकृती स्वतः काढत वाचा. या प्रकरणात चुकलेली बहुतेक उत्तरं संकलनात चुकत नाहीत, न काढलेल्या आकृतीत चुकतात.

एक्स-वाय सोडून पोलरमध्ये कधी जायचं?

दोन खुणा पाहायच्या. पहिली प्रदेशात: सीमा वर्तुळाची आहे, वर्तुळाच्या पाकळीची आहे, किंवा कार्डिऑइडसारखा (हृदयाच्या आकाराचा) वक्र मुळात आर आणि θ मध्येच दिला आहे. दुसरी फंक्शनमध्ये: एक्स² + वाय² ही जोडी एकत्र दिसते आहे, मग ती वर्गमुळात असो, घातांकात असो की छेदात. दोन्ही खुणा असतील तर फार विचार न करता पोलरमध्ये जा. एकच असेल तर दुसऱ्या बाजूचं काय होतं ते आधी दोन ओळींत लिहून पाहा.

उगाच पोलरमध्ये गेल्यानं नुकसानही होतं. एक्स = १ ही साधी उभी रेषा पोलरमध्ये आर = सेक θ होते, आणि चौरसाचे तर कर्णावर दोन तुकडे करावे लागतात. आयत आणि आत बहुपदी असेल तर आहात तिथेच राहा.

डीएक्स डीवाय च्या जागी आर डीआर डीθ का? तो जादाचा आर कुठून येतो?

सगळ्यात जास्त गुण याच आरपायी जातात, म्हणून इथे जरा थांबू.

ठिपक्यांच्या रांगोळीत चार ठिपक्यांमधला प्रत्येक चौकोन सारखाच असतो. एक्स-वाय जाळी तशी आहे. पोलरची जाळी कोळ्याच्या जाळ्यासारखी: मध्यातून निघणारे धागे आणि त्यांना छेदणारी वर्तुळं. मध्याजवळची घरं चिमुकली, बाहेरची ऐसपैस. घर बाहेर जाताना किती मोठं होतं, ते तो आर सांगतो.

आकडे घालून पाहा. कोनाची रुंदी ०.१ रेडियन आणि त्रिज्येतली वाढ ०.१ घेऊ. आर २ पासून २.१ पर्यंतचं घर म्हणजे दोन वर्तुळपाकळ्यांमधला फरक (प्रत्येकीचं क्षेत्रफळ ½आर²θ):

½ × (२.१² − २²) × ०.१ = ०.०२०५

तेच घर आर १० पासून १०.१ पर्यंत घेतलं तर:

½ × (१०.१² − १०²) × ०.१ = ०.१००५

डीआर आणि डीθ यांचा गुणाकार दोन्हीकडे ०.०१ च आहे, पण घरं जवळजवळ पाचपट वेगळी. ०.०१ ला मधल्या त्रिज्येनं, म्हणजे २.०५ नं आणि १०.०५ नं गुणलं की नेमकं उत्तर मिळतं. हा अंदाज नाही. ½(आर₂² − आर₁²) चे अवयव पाडले की मधली त्रिज्या गुणिले त्रिज्येतली वाढ हेच बाहेर पडतं.

एककांनीही तेच समजतं. रेडियनला लांबीचं एकक नाही, त्यामुळे डीआर डीθ हे नुसते सेंटीमीटर झाले. चौरस सेंटीमीटर हवे असतील तर आणखी एक लांबी लागणारच. जेकोबियनचा, म्हणजे चलं बदलताना क्षेत्रफळाला लागणाऱ्या गुणकाचा, निश्चयक सोडवला की आर(कॉस²θ + साइन²θ) = आर येतं, ते याच गोष्टीचं बीजगणित.

एक सवय लावून घ्या: फंक्शन पोलरमध्ये बदलण्याच्या आधी, पहिल्याच ओळीत, आर डीआर डीθ लिहून टाका. फंक्शनमध्ये आधीच एक आर असेल तर हा त्याच्यात मिसळला असं वाटतं आणि तो गळतो.

लिमिट्स कशा लावायच्या?

बहुतेक गणितांत आतली लिमिट आरची आणि बाहेरची θ ची असते. ध्रुवापासून एक किरण काढा. तो प्रदेशात कुठे शिरतो आणि कुठून बाहेर पडतो ते पाहा. शिरतो तो वक्र आरची खालची लिमिट, बाहेर पडतो तो वरची. प्रदेशाला ध्रुव लागून असेल आणि किरण तिथूनच आत जात असेल तर खालची लिमिट ०. मग हा किरण फिरवा: प्रदेशाला पहिल्यांदा कुठे शिवतो आणि शेवटी कुठे सोडतो, ते दोन कोन θ च्या लिमिट्स. हीच आपली रेडियल स्ट्रिप.

उदाहरण घेऊ. आर = २ कॉस θ या वर्तुळाच्या आत पण आर = १ च्या बाहेर असलेला भाग. किरण आर = १ वर शिरतो, आर = २ कॉस θ वर बाहेर पडतो. दोन्ही वक्र २ कॉस θ = १ इथे, म्हणजे θ = ±π/३ वर भेटतात.

क्षेत्रफळ = ∫ ½(४ कॉस²θ − १) डीθ, θ: −π/३ ते π/३ = π/३ + √३/२ ≈ १.९१३

पडताळा: दोन्ही वर्तुळांचा सामाईक भाग २π/३ − √३/२ ≈ १.२२८ आहे. दोन्हींची बेरीज ३.१४१, म्हणजे त्रिज्या १ च्या अख्ख्या वर्तुळाइतकी. जमलं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे (२ कॉस θ − १)² असं लिहिणं. वर्गांची वजाबाकी हवी, वजाबाकीचा वर्ग नव्हे. दुहेरी संकलन पूर्ण लिहून आतलं आधी सोडवलं तर ही चूक होतच नाही. म्हणून ½∫आर² डीθ हे सूत्र पाठ असलं तरी सुरुवातीचे काही दिवस दोन्ही संकलनचिन्हं मांडा.

आर = २ कॉस θ हे पूर्ण वर्तुळ आहे, मग θ ० ते २π का नाही?

कारण ते वर्तुळ π इतक्या फेरीतच पूर्ण होतं. θ = π/२ च्या पुढे कॉस ऋण होतो, आर ऋण येतो, आणि बिंदू किरणाच्या उलट बाजूला पडतो, म्हणजे त्याच वर्तुळावर दुसऱ्यांदा. ० ते २π घेतलं तर क्षेत्रफळ २π येतं, खरं आहे π. लिमिट −π/२ ते π/२ घ्या. आर = २ साइन θ असेल तर ० ते π.

कार्डिऑइड, लेम्निस्केट, गुलाबवक्र यांच्या लिमिट्स पाठ कराव्यात का?

आकृती पाठ असू द्या, लिमिट्स तिच्यातून वाचता येतात. आर = ए(१ + कॉस θ) हा कार्डिऑइड पूर्ण २π घेतो. वरचा अर्धा भाग ० ते π घेऊन दुप्पट केला की ३πए²/२ मिळतात. त्याच्या आतला पण आर = ए वर्तुळाच्या बाहेरचा भाग विचारला तर θ −π/२ ते π/२ आणि उत्तर ए²(२ + π/४).

लेम्निस्केट आर² = ए² कॉस २θ (आडव्या इंग्रजी 8 सारखा वक्र) मात्र फसवतो. ० ते २π घातलं तर उत्तर चक्क शून्य येतं, कारण कॉस २θ जिथे ऋण आहे तिथे वक्रच नाही आणि आपण तो भागही मोजून वजा करून बसतो. ० ते π/४ या पाव भागाची चौपट घ्या. उत्तर ए², π शिवाय.

गुलाबवक्र आर = ए कॉस(एन θ) मध्ये एन विषम असेल तर एन पाकळ्या, सम असेल तर २एन. कॉस ३θ च्या तीन पाकळ्या ० ते π मध्येच पुऱ्या होतात, एकूण क्षेत्रफळ πए²/४. कॉस २θ च्या चार पाकळ्यांना पूर्ण २π लागतात, क्षेत्रफळ πए²/२. एका पाकळीचं क्षेत्रफळ काढून पाकळ्यांच्या संख्येनं गुणणं सगळ्यात सुरक्षित. पाकळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते आर = ० ठेवून मिळतं.

दोन वक्र कुठे छेदतात ते समीकरणातून काढलं, तरी उत्तर चुकतं. काय राहून जातं?

ध्रुव. आर = कॉस θ (वर्तुळ) आणि आर = १ − कॉस θ (कार्डिऑइड) यांची समीकरणं जुळवली तर θ = ±π/३ एवढेच मिळतात. पण दोन्ही वक्र ध्रुवातूनही जातात. पहिला θ = π/२ ला, दुसरा θ = ० ला. कोन वेगळे असल्यानं समीकरणाला ते दिसत नाही, आकृतीला दिसतं.

सामाईक भाग काढताना किरणाचं बाहेर पडण्याचं ठिकाणही मध्येच बदलतं. ० ते π/३ मध्ये तो कार्डिऑइडवर बाहेर पडतो, π/३ ते π/२ मध्ये वर्तुळावर. म्हणून दोन तुकडे:

वरचा अर्धा भाग = ½∫(१ − कॉस θ)² डीθ, ० ते π/३, अधिक ½∫कॉस²θ डीθ, π/३ ते π/२

दुप्पट केल्यावर ७π/१२ − √३ ≈ ०.१००५. किरण वेगळ्या वक्रावर बाहेर पडू लागला की तुकडा पाडायचा, याला अपवाद नाही.

गणित एक्स-वाय मध्ये दिलं आहे आणि 'पोलरमध्ये बदलून सोडवा' म्हटलं आहे. लिमिट्स थेट बदलता येतात का?

नाही. जुन्या लिमिट्समधून आधी प्रदेश काढायचा, मग त्या प्रदेशाच्या नव्या लिमिट्स लिहायच्या.

उदाहरण: ∫∫ √(एक्स² + वाय²) डीवाय डीएक्स, वाय: एक्स ते √(२एक्स − एक्स²), एक्स: ० ते १.

वरची सीमा वर्ग करून मांडली की एक्स² + वाय² = २एक्स, म्हणजे आर = २ कॉस θ. खालची सीमा वाय = एक्स, म्हणजे θ = π/४. प्रदेश म्हणजे (०,०) आणि (१,१) यांना जोडणारी जीवा आणि तिच्या वरचा वर्तुळाचा तुकडा. घाईत θ ० ते π/४ लिहिलं जातं, पण तुकडा रेषेच्या वर आहे. किरण π/४ पासून π/२ पर्यंत फिरतो, कारण ध्रुवापाशी वर्तुळाची स्पर्शिका वाय-अक्षच आहे. फंक्शनमधला एक आर आणि आपला एक आर मिळून आर²:

∫ (८/३) कॉस³θ डीθ, π/४ ते π/२ = (१६ − १०√२)/९ ≈ ०.२०६

पडताळा सोपा: तुकड्याचं क्षेत्रफळ π/४ − १/२ ≈ ०.२८५ आणि ध्रुवापासूनचं अंतर ० ते १.४१ च्या दरम्यान. सरासरी अंतर ०.७२ च्या आसपास येतं, ते पटण्यासारखं आहे.

घनफळासाठी वेगळं काय करायचं?

वरचा पृष्ठभाग वजा खालचा पृष्ठभाग ही उंची, आणि तिला आर डीआर डीθ नं गुणायचं. झेड = ४ − एक्स² − वाय² हा पॅराबोलॉइड एक्स-वाय प्रतलाला आर = २ वर भेटतो, म्हणून

घनफळ = २π ∫(४ − आर²) आर डीआर, ० ते २ = ८π ≈ २५.१

आर विसरलात तर ३२π/३ ≈ ३३.५ येतील. आणि ८π बरोबर आहे हे लगेच कळतं: त्याच तळाचा, ४ उंचीचा दंडगोल १६π चा आहे आणि पॅराबोलॉइड नेमका त्याच्या निम्मा असतो.

तळाचा प्रदेश दिलेला नसेल तर दोन पृष्ठभागांच्या उंची सारख्या ठेवा. झेड = एक्स² + वाय² आणि झेड = २एक्स यांच्यामधला भाग हवा असेल तर आर² = २आर कॉस θ, म्हणजे तळ आर = २ कॉस θ. आत प्रतल वर आहे आणि पॅराबोलॉइड खाली. मध्यावरचा बिंदू (१,०) घालून पाहा: २ आणि १. घनफळ ∫(४/३) कॉस⁴θ डीθ, −π/२ ते π/२, म्हणजे π/२.

मण्याला आरपार भोक पाडलं तर उरलेलं घनफळ?

५ मिमी त्रिज्येचा गोल मणी, मध्यातून ३ मिमी त्रिज्येचं भोक. उरलेल्या भागावर आर ३ पासून ५ पर्यंत जातो, उंची वर आणि खाली मिळून २√(२५ − आर²):

४π ∫√(२५ − आर²) आर डीआर, ३ ते ५ = २५६π/३ ≈ २६८.१ घन मिमी

पूर्ण गोलातून दंडगोल वजा करण्याचा मोह होतो, तो चुकीचा आहे. भोकाच्या भिंतीची लांबी १० नाही, ८ मिमी आहे. आणि ८ घेतली तरी दोन्ही टोकांच्या टोप्या वजा करायच्या राहतात. संकलन हे सगळं आपोआप सांभाळतं. शिवाय इथे तो जादाचा आर मदतीला येतो: √(२५ − आर²) ला बाहेर हवा असलेला आर तयारच मिळतो, त्यामुळे २५ − आर² = टी हे एकच प्रतिस्थापन पुरतं.

गोल आणि दंडगोलाच्या गणितात माझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. का?

बहुधा √(साइन²θ) ला साइन θ म्हटल्यामुळे. या प्रकरणातला हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात घातक खड्डा आहे.

त्रिज्या १ चा गोल, आणि आर = कॉस θ हा तळ असलेला उभा दंडगोल. दोघांचा सामाईक भाग हवा. आतलं संकलन केलं की

(२/३)[१ − (१ − कॉस²θ)^(३/२)]

इथे (साइन²θ)^(३/२) म्हणजे साइन³θ नव्हे, |साइन θ|³. θ −π/२ ते π/२ जातो आणि अर्ध्या वाटेवर साइन ऋण असतो. चिन्ह विसरून साइन³θ लिहिलं तर त्याचं संकलन शून्य होतं आणि उत्तर २π/३ ≈ २.०९ येतं. योग्य रीत म्हणजे ० ते π/२ घेऊन दुप्पट:

घनफळ = (२/३)(π − ४/३) ≈ १.२०६

चुकीचं उत्तर आकडेमोडीशिवायही पकडता येतं. दंडगोलाच्या तळाची त्रिज्या ½, क्षेत्रफळ ०.७८५, आणि गोलात उंची जास्तीत जास्त २. म्हणजे घनफळ १.५७१ च्या वर जाऊच शकत नाही.

या आकृतीमागे जुनी गोष्ट आहे. गॅलिलिओचा शिष्य व्हिन्सेन्झो विव्हियानी यानं १६९२ मध्ये गणितज्ञांपुढे कोडं ठेवलं होतं: अर्धगोल घुमटात चार सारख्या खिडक्या अशा कापा की उरलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ नेमकं काढता येईल. याच दंडगोलांनी कापलेल्या खिडक्या हे त्याचं उत्तर. घनफळातही तोच चमत्कार दिसतो. हा दंडगोल आणि मध्याच्या पलीकडचा त्याच्यासारखाच दुसरा, असे समोरासमोरचे दोन्ही दंडगोल पूर्ण गोलातून काढून टाकले की ४π/३ − ४π/३ + १६/९, म्हणजे १६/९ उरतात. गोलातून गोलाई कापली आणि π पूर्ण नाहीसा झाला.

ई^(−एक्स²) चं संकलन पोलरनं कसं सुटतं?

एकट्या ई^(−एक्स²) चं प्रतिसंकलन नेहमीच्या फंक्शन्समध्ये मिळत नाही. म्हणून −∞ ते ∞ संकलनाला आय म्हणा आणि त्याचा वर्ग घ्या, एकदा एक्समध्ये, एकदा वायमध्ये. घातांकात −(एक्स² + वाय²) म्हणजे −आर² येतो, प्रदेश म्हणजे अख्खं प्रतल:

आय² = २π ∫ आर ई^(−आर²) डीआर, ० ते ∞ = २π × ½ = π

म्हणून आय = √π ≈ १.७७२. सगळं काम त्या आरनं केलं, तो नसता तर गणित जिथल्या तिथे राहिलं असतं. संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्राच्या छेदात √(२π) दिसतो तो इथूनच.

लंबवर्तुळ असेल, किंवा वर्तुळाचा मध्य ध्रुवावर नसेल तर?

लंबवर्तुळाला एक्स = ए आर कॉस θ, वाय = बी आर साइन θ घ्या. आता जेकोबियन ए बी आर होतो, आरची लिमिट ० ते १, आणि क्षेत्रफळ πएबी. इथे नुसता आर लिहिणं ही नेहमीची चूक.

वर्तुळ ध्रुवातून जात असेल तर आर = २ए कॉस θ सारखं छान रूप मिळतं. कुठेतरी लांब असेल तर आधी मध्य सरकवा: एक्स = एच + आर कॉस θ. सरकवल्यानं जेकोबियन बदलत नाही, फंक्शन मात्र नव्यानं लिहावं लागतं.

कॉस⁴, साइन⁶ यांची संकलनं दर वेळी उलगडावी लागतात का?

० ते π/२ असेल तर नाही. घात सम असेल तर शेवटी π/२ नं गुणलं जातं: कॉस² ला π/४, कॉस⁴ ला ३π/१६, कॉस⁶ ला ५π/३२. विषम असेल तर π नाही: कॉस³ ला २/३, कॉस⁵ ला ८/१५. साइनलाही हेच आकडे. −π/२ ते π/२ वर कॉसचं दुप्पट होतं, साइनच्या विषम घाताचं शून्य. ० ते π वर उलट: साइनचं दुप्पट, कॉसच्या विषम घाताचं शून्य. दुप्पट करण्याआधी हे नीट पाहा.

कॅल्क्युलेटरवर पडताळताना आकडा भलताच येतो.

तो डिग्रीवर असेल. ½आर²θ हे वर्तुळपाकळीचं सूत्रच रेडियनमधलं आहे, त्यामुळे वरचं सगळं रेडियनमध्येच खरं. वक्र पाहायला जिओजेब्रा किंवा डेस्मॉस वापरा, पण θ ची मर्यादा आधी ० ते π ठेवून मग वाढवा. वक्र कुठे स्वतःवरच परत फिरू लागतो ते डोळ्यांनी दिसतं, आणि थांबायची लिमिट तीच.